खळ लावलेले पैसे

धाराशिवला आम्ही तिघी मुली ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्या घराच्या मालकीणबाईंना कुणाच्या हातात सुटी नोट बघवत नसे. भाजीवाल्यानं परत दिलेली वीसची नोट मी चुरगाळून मुठीत धरली की त्या ओसरीवरून ओरडायच्या, "अगं, ती नोट हाय का फडकं? आण इकडं!" मग ती नोट मांडीवर ठेवून तळहातानं सपाट करायच्या, दोन बोटांत धरून गुंडाळायच्या आणि विडीएवढी सुरळी करून माझ्या हातात द्यायच्या. वर म्हणायच्या, "आता कशी शानी दिसतीय." मला त्याचा भयंकर राग यायचा. वीस रुपयांसाठी भर रस्त्यात हाक मारतात म्हणजे काय!

आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मूळच्या तेरखेड्याच्या. तिकडं त्यांचा फटाक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे शेतात एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या चार पत्र्याच्या खोल्या आणि मधे लिंबाची झाडं. नवरा गेल्यापासून सगळं त्या एकट्याच बघत. आठवड्यातले चार दिवस तेरखेड्यात, तीन दिवस धाराशिवात. आल्या की आमच्या खोल्यांची झडती ठरलेली. काडीपेटी सापडली की जप्त. गॅसला लायटर वापरायचा. नायलॉनचा दुपट्टा दोरीवर दिसला की चेहरा वाकडा. "सुती घाला गं, बाय. ह्याला ठिणगी चिकटती," असं म्हणायच्या. आमच्या खोलीत फटाक्यांची दारू नव्हती, फटाके नव्हते, पुस्तकं आणि ओले कपडे होते, हे त्यांना कितीदा सांगितलं! ऐकतील तर शपथ. दूधवाल्यालासुद्धा विडी फाटकाबाहेर विझवूनच आत यावं लागायचं आणि तोही बिचारा गुमान विझवायचा.

दिवाळीत मात्र मावशी कानात कापूस घालून आतल्या खोलीत झोपायच्या. मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्हाला फटाके आवडत नाहीत?"

"म्या इकते ते. हलवाई काय दिसभर पेढे खातो व्हय?"

त्यांचं पैशाचं शास्त्र असं होतं. फटाक्याच्या धंद्यात पैसा दिवाळीला एकदाच येतो. मधे लग्नं, जत्रा यांचं थोडंफार चालतं, पण खरं माप दिवाळीचंच. मजुरी, माल, सरकारी कागदपत्रं यांचे पैसे बाजूला काढले की जे उरे, त्याचे मावशी बारा भाग करत. मग कारखान्यातला तपकिरी कागद घेऊन बारा नळ्या वळत. हुबेहूब फटाक्याच्या नळीसारख्या. आत नोटा, दोन्ही तोंडं कागदानं बंद आणि वरून कणकेची खळ लावून उन्हात वाळवलेलं. प्रत्येकीवर शिसपेन्सिलीनं महिन्याचं नाव. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, अशा ओळीनं पेटीत. त्या त्या महिन्याच्या पाडव्याला, म्हणजे पहिल्या तिथीला, सकाळी एक नळी फाडायची. त्याआधी नाही.

"बँकेत का नाही ठेवत?" हे मी विचारणारच.

"ठिवते की, मजुरीचं आणि मालाचं. पर बँकेतलं काढाया काय लागतंय? बोट. ह्याला फाडावं लागतंय. फाडताना माणूस घडीभर इचार करतंय."

आणि खरंच, पाडव्याच्या आधी त्या नळीला हात लावत नसत. एका ज्येष्ठात महिना संपायला तीन दिवस असताना त्यांच्याकडची चहापत्ती संपली. आता पेटीत आषाढापासून पुढच्या चार नळ्या. आषाढाची फाडून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पन्नास रुपयांचा पुडा आणायचा. नाही! सकाळ-संध्याकाळ जिना चढून आमच्या खोलीत चहाला यायच्या. ऐटीत बसायच्या, वरून "साखर कमी पडली" असंही म्हणायच्या. पाडव्याला मात्र वाटीनं मोजून चहापत्ती आणून दिली, एक चमचा जास्तच. तेरखेड्याची माणसं सांगायची की बाईनं आयुष्यात नळी कधी आधी फाडलेली नाही. सांगताना त्यांच्या तोंडावर थोडं कौतुक असायचं आणि थोडं हसू.

आमचं भाडंसुद्धा नळीत द्यावं लागायचं. मोबाईलवरून पाठवलं तर घेत, पण दिवसभर घुश्शात असत. आमच्यातल्या एकीनं एकदा गंमत म्हणून एक नोट कमी घालून नळी दिली. मावशींनी ती तळहातावर झुलवली आणि म्हणाल्या, "एक न्हाय ह्यात." आम्ही तोंडात बोटं घातली. नंतर त्याच म्हणाल्या, "वजनानं कशाचं कळतंय! तुझं तोंड बघून कळलं."

मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना माझी जर्मनीतल्या एका उन्हाळी अभ्यासक्रमासाठी निवड झाली. माती आणि पाणी तपासायचं शिक्षण, सहा आठवडे. विमानाचं तिकीट, राहणं आणि फी त्यांची. खाणंपिणं आणि गावातला प्रवास आपला. माझे अप्पा परंड्याला स्टँडच्या रस्त्यावर पंक्चर काढतात. त्यांनी पैशाचे दोन वाटे करून ठेवले होते. एक माझ्या या सहा आठवड्यांचा आणि दुसरा धाकट्या भावाच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशाचा. भावाची फी भरायची तारीख नेमकी मी तिकडं असताना येत होती. निघायच्या आधी अप्पा म्हणाले, "कमी पडले तर माग बरं का. लाजू नको. त्याचं बघू फुडल्या वर्षी."

हे 'बघू' मला नको होतं. मी नुसता फोन केला असता तरी अप्पांनी दुसऱ्या मिनिटाला भावाचे पैसे माझ्याकडं वळवले असते, आणि तो एक वर्ष दुकानात टायर सोलत बसला असता. म्हणून काहीही झालं तरी घरी पैसे मागायचे नाहीत, एवढं मी ठरवलं होतं. भाऊ आता पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा ते जमलं हे उघडच आहे. कसं जमलं ते अप्पांना अजून माहीत नाही.

सोलापुरातून बदलून आणलेले पाचशे चाळीस युरो मी मावशींपुढं ठेवले. त्यांनी एकेक नोट उलटसुलट करून बघितली. "ह्याच्यावर माणूस न्हाय कुणी?"

"नाही मावशी. कमानी आहेत, पूल आहेत."

"पुलाच्या भरवशावर पैसा चालिवतेत?" त्यांना ते अजिबात पटलं नाही. पण लगेच कागद आणला, कणीक भिजवली आणि नव्वद-नव्वदच्या सहा नळ्या वळल्या. 'पयला आठवडा', 'दुसरा आठवडा' असं वर लिहिलं. मला बजावलं, "सोमवारी सकाळी फाडायची. रविवारी सांजच्याला न्हाय. कळलं का?" मी हो म्हटलं. त्या नळ्या त्यांनी माझ्या पाठीवरच्या पिशवीत, अगदी तळाशी, स्वतःच्या हातानं ठेवल्या.

आता गंमत अशी, की कागद कारखान्यातला. वळणारे हात कारखान्यातले. ही गोष्ट ना मावशींच्या डोक्यात आली, ना माझ्या. मुंबईच्या विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. पडद्यावर काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा. सहा बंद नळ्या, सारख्या आकाराच्या, दोन्ही तोंडं लिंपलेली. एका साहेबानं कापडाची पट्टी नळीवर फिरवून स्फोटकांचा माग काढणाऱ्या दुसऱ्या यंत्रात घातली, आणि ते यंत्र बोंबलायला लागलं. पाच मिनिटांत माझ्याभोवती सहा माणसं. "क्या है इसमें?" "पैसे." "ऐसे कौन रखता है पैसे?" शेवटी म्हटलं, ज्यांनी वळल्या त्यांनाच विचारा. परवानगी घेऊन मावशींना फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला.

नशीब, त्या दिवशी मावशी धाराशिवात होत्या. साहेबानं दरडावून विचारलं, "ये पटाखा है क्या?"

"साब, पटाखे में नव्वद-नव्वद युरो कौन भरतंय? मेरे को परवडता क्या?" मावशी कडाडल्या. "मेरा कारखाना है तेरखेड्यात. लायसनवाला. कागद वहींका है. फाड के देखो, अंदर नोटांच हैं."

मागच्या एका साहेबाला हसू आवरेना. त्यांनी सगळ्या नळ्या फाडल्या, नोटा मोजल्या, माझी कागदपत्रं तीनदा बघितली, पिशवी पुन्हा पुन्हा पुसून तपासली. नोटा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या आणि कागद ठेवून घेतला. विमानाचं दार बंद व्हायच्या बेतात मी धापा टाकत पोचले. मावशींना नंतर विमानतळाचं काही वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं, की सहाच्या सहा नळ्या एका दमात फाडल्या. "तिथं गेल्यावर पुन्हा वळ," हा त्यांचा निरोप.

मी वळल्या. वसतिगृहात सामायिक स्वयंपाकघर होतं. पहिल्याच दिवशी कणीक विकत आणून खळ शिजवली तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी हे काय जेवण म्हणून बघत उभी राहिली. माझी खळ जाडसर झाली आणि नळ्या वाकड्या झाल्या, पण बंद झाल्या.

पहिले दोन आठवडे ठीक गेले. डाळ, भात, बटाटे, अंडी, पाव. एकदा वर्गातल्यांबरोबर बाहेर जेवायला गेले. मी नुसतं सूप घेतलं होतं, पण बिल आलं तेव्हा सगळ्यांनी डोकी मोजून सारखं वाटलं. माझ्या सुपाला एकोणीस युरो पडले. त्या दिवसापासून बाहेर जेवणं बंद. ट्रामचे पैसे वाचवायला वर्गापर्यंत पाऊण तास चालत जायची.

तिसऱ्या आठवड्यात चालून चालून टाचेला फोड आला. मंगळवारी म्हटलं, जाऊ दे, आज ट्रामनं जाऊ. यंत्रातून तिकीट काढलं, आत बसले आणि तिकीट हातात धरून कंडक्टरची वाट बघत राहिले. परंडा-कुर्डुवाडी एसटीत लहानपणापासून हेच केलंय. कंडक्टर येणार, तिकिटाचं बघणार. मला काय ठाऊक, की तिथं दारापाशी एक छोटी पेटी असते, तिच्यात तिकीट घालून आपणच शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर ते तिकीट तिकीटच नव्हे! साध्या कपड्यातला एक माणूस आला. मी हसून तिकीट पुढं केलं. त्यानं साठ युरो दंड लिहिला. मी किती सांगितलं, की बघा, तिकीट आहे, पैसे दिलेत. तो शांतपणे त्या पेटीकडं बोट दाखवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात जाऊन साठ युरो रोख भरले. सोमवारी सतराचा बाजार झाला होता, तीन तिकिटाला गेले होते. हातात राहिले दहा. आणि टेबलाच्या खणात तीन नळ्या होत्या, चौथी, पाचवी, सहावी.

कुणीही म्हणेल, फाडायची की एक. पण मी फाडली नाही. मावशींना शब्द दिला होता हे एक. आणि दुसरं म्हणजे मला माझीच भीती वाटत होती. आज चौथी आधी फाडली तर पाचवीही आधी फाडली जाणार, शेवटच्या आठवड्यात हात रिकामा, आणि मग अप्पांना फोन. भावाचं वर्ष त्या तीन नळ्यांत आहे असं मला वाटायचं. म्हणून त्यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही, असं ठरवून दहा युरोंत सोमवार गाठायला निघाले. टाचेच्या मलमपट्टीलाच आठ गेले. बुधवार पावावर गेला. गुरुवारी दुपारी सोमवारच्या बाजारातला शेवटचा तांदूळ शिजवून खाल्ला. शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी जमिनीवरच बसले. शिक्षकांनी पाणी दिलं आणि खोलीवर पाठवलं.

खोलीवर येऊन मावशींना फोन केला. त्या तेरखेड्यात होत्या. कारखान्यात मोबाईल आत नेत नाहीत, फाटकावरच्या डब्यात ठेवतात. काम सुटल्यावर त्यांचा फोन आला. माझ्याकडं दुपारचे अडीच वाजले होते.

"काय गं, कितवी चालू हाय?"

"तिसरी. संपली."

"आज वार कुठला?"

"शुक्रवार."

मी दंडाचं सगळं सांगितलं. आधी त्या ट्रामवरच चिडल्या. "कंडक्टर न्हाय तर गाडी चालिवतेत कशाला मेले!" मग एकदम विचारलं, "जेवलीस कवा?"

"काल दुपारी."

"तीन नळ्या हायेत न्हवं?"

"आहेत. पण सोमवारी..."

"फाड. तिन्ही फाड."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मावशी, तुम्हीच म्हणाला होता ना..."

"म्या म्हणले व्हते, आता म्याच सांगतीय. हे बघ, दारू कमी पडली तर आमी काय शेवटचे फटाके रिकामे ठिवतो व्हय? समद्यात थोडी थोडी कमी भरतो. आवाज बारका व्हतो, पर समदे फुटतेत. ते समदे पैसे एका जागी कर, आणि आजपासनं जितके दिस ऱ्हायले तितक्यानं भाग."

मी भागाकार केला. दोनशे सत्तर युरो, चोवीस दिवस. दिवसाला अकरा आणि वर थोडे.

"मग? अकरात भागत न्हाय व्हय?"

"भागतं." मला माझीच लाज वाटली. तीन दिवस मी अर्धपोटी होते, आणि हिशेब एवढासा होता. तरी हट्टानं म्हणाले, "पण मावशी, एकदा आधी फाडली की सवय लागेल. तुम्ही तर आयुष्यात कधी आधी फाडली नाही. सगळे सांगतात."



"न्हाय फाडली," मावशी म्हणाल्या. "आमचे मालक आजारी व्हते तवा पौष चालू व्हता. डाक्टर म्हणला, बार्शीला न्या, छातीचा फोटू काढा, भरती करा. पौषाची नळी संपलेली. पाडव्याला नऊ दिस व्हते. माघाची पेटीत व्हती. म्या म्हणले, खोकला तर जुनाच हाय, नऊ दिसानं काय व्हतंय. सहाव्या दिशी गेले." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या सांगत होत्या. "मग पाडव्याला फाडली. त्यातच त्यांचे दिवस घातले. लोक म्हणतेत बाईनं नळी कवा आधी फाडली न्हाय. म्हणू दी. कुणाकुणाला सांगू?"

मला रडू फुटलं. हुंदके दाबता येईनात.

"रडून पोट भरतंय व्हय? गप. फोन ठिवू नको. फाड, मला ऐकू दी."

मी फोन टेबलावर ठेवला आणि खणातून नळ्या काढल्या. खळ कडक झाली होती, कागद नखानं उचकटावा लागला. चौथी फाडली.

"एक," मावशी म्हणाल्या.

पाचवी फाडली. "दोन."

सहावी घाईघाईनं फाडताना आतल्या एका नोटेचा कोपरा फाटला. मावशी म्हणाल्या, "तीन. आता जा, गरम काय मिळंल ते खाऊन ये. आणि मला फोन कर."

मी गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात गरम बटाटे आणि मसुराचं वरण मिळालं, साडेसहा युरोंना. सगळं संपवलं, पावानं वाटी पुसून घेतली आणि तिथूनच फोन लावला. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.